खेळातील खरेपणा

खेळ म्हणजे मुलांची करमणूक. तिचा नीतीशी काय संबंध, असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु मनुष्याचा स्वभाव बाजारात किंवा कचेरीत जितका उघडा पडत नाही तितका तो खेळात उघडा पडतो, ही गोष्ट, ज्याने गावच्या पारापाशी विटीदांडू खेळणारी मुले थोडा वेळ उभे राहून पाहिली आहेत, त्यास निराळी सांगावयास नको. हरण्याची वेळ आली म्हणजे डाव मोडून घरी जाणारा, रडीचा डाव खेळून जिंकणारा, आणि विटी झेलली गेली असता कोणी न विचारताच आपण बाद झालो असे कबूल करून दांडू खाली ठेवणारा, ही सर्व एकाच आळीतली मुले असतात. पण त्यांच्या पुढील आयुष्याची थोडीबहुत ओळख तेथेच पटते.

यास्तव एका खेळाच्या निमित्ताने नीतीचा एक प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. खेळ नवा आहे. प्रश्न मात्र फार जुना आहे. तो असा: जेथे अर्धे काम केले तरी पुरते दाम पदरात पडते, आणि तसे करण्यास कोणताही नियम आड येत नाही, तेथे पुरते काम करणे हा भोळेपणा म्हणावा, की खरेपणा म्हणावा?

खेळाची माहिती

ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहो तो घरातल्या टीव्हीच्या पडद्यावर खेळावयाचा टेनिसचा खेळ होय. खऱ्या टेनिसात मैदानाच्या मधोमध जाळे बांधलेले असते, दोहों बाजूंस खेळणारे हातात रॅकेट घेऊन उभे असतात, आणि चेंडू जाळ्यावरून पलीकडे मारावयाचा असतो, एवढे बहुतेकांस ठाऊक आहेच. हा खेळ यंत्रात आणण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली, पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी, काचेच्या एका लहानशा पडद्यावर प्रकाशाच्या ठिपक्याचे टेनिस करून दाखविले होते. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' नावाचा खेळ निघाला, तोही चेंडू टोलविण्याचाच. परंतु ह्या खेळांत खेळणाऱ्याने खुंटी फिरवावयाची किंवा बटण दाबावयाचे, एवढेच असे. अंग हलविण्याचे कारण नव्हते.

पुढे जपानातील निन्टेन्डो कंपनीने ह्यात पालट केला. ही कंपनी क्योटो शहरी १८८९ साली स्थापन झाली. आरंभी ती फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते तयार करीत असे. नंतर ती व्हिडिओ गेम करू लागली. सातोरू इवाता हे तिचे अध्यक्ष असता २००६ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत, व पुढच्याच महिन्यात जपानात व युरोपात, तिने 'वी' नावाचे यंत्र विक्रीस काढिले. इंग्रजी भाषेत 'आम्ही' ह्या अर्थाचा जो शब्द आहे त्याच्या उच्चारासारखाच ह्या नावाचा उच्चार आहे. हे यंत्र एकट्यादुकट्याचे नव्हे, सर्व कुटुंबाचे, असा भाव त्यात होता. जपानाबाहेर बहुतेक देशांत यंत्राबरोबरच 'वी स्पोर्ट्स' नावाचा खेळांचा संच मिळत असे. त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ व बॉक्सिंग असे पाच खेळ होते. ह्या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले, व त्या संचाच्या आठ कोटींहून अधिक प्रती घरोघर गेल्या. ते यंत्र आता तयार होत नाही. तथापि जुनी यंत्रे कित्येक घरांतून अद्याप चालतात, आणि त्याच कंपनीने २०२२ साली काढिलेल्या 'निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स' ह्या संचातही त्याच जातीचे टेनिस आहे.

ह्या यंत्राची खरी नवलाई त्याच्या रिमोटात होती. त्याचा आकार टीव्हीच्या साध्या रिमोटासारखा, एका हातात मावेल असा ठेविला होता. हेतू हा की, ज्यांनी जन्मात असला खेळ खेळला नाही त्यांसही तो हातात घेण्यास भीती वाटू नये. पडद्यावर मैदान दिसते, जाळे दिसते, व दोहों बाजूंस दोन दोन अशा चार बाहुल्या उभ्या दिसतात. घरातील प्रत्येकास आपल्या चेहऱ्यासारखी बाहुली तयार करून घेता येते. ह्या बाहुल्यांस कंपनीने 'मी' असेच नाव दिले. ते इंग्रजी शब्दावरून घेतलेले असले तरी मराठी वाचकास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चेंडू जवळ आला म्हणजे खेळणाऱ्याने हातातला रिमोट रॅकेटीसारखा फिरवावयाचा, की बाहुली चेंडू टोलविते. हात थोडा आधी फिरला तर चेंडू एका बाजूस जातो, थोडा उशिरा फिरला तर दुसऱ्या बाजूस. चौघे मिळून खेळता येते. खेळणारे कमी असले तर एकाच हाताने दोन बाहुल्या चालतात. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, चेंडूपर्यंत धावत जाण्याचे काम खेळणाऱ्याकडे नाही. ते यंत्र स्वतः करते. बाहुली आपली आपण धावते. मनुष्याने फक्त वेळ साधून हात फिरवावयाचा.

आता त्या रिमोटाच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण आमचा प्रश्न तेथूनच निघतो. त्यात सिलिकनाचा एक अगदी बारीक तुकडा असतो, आणि त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या स्प्रिंगांनी धरलेला एक सूक्ष्म भार असतो. बैलगाडीस धक्का बसला म्हणजे आत बसलेली माणसे जशी मागे किंवा पुढे कलतात, तसा रिमोटास हिसका बसला की हा भार किंचित सरकतो. आणि तो किती व कोणत्या दिशेस सरकला हे विजेच्या योगाने मोजिले जाते. म्हणजे ह्या टेनिसास जे कळते ते इतकेच की, हिसका केव्हा बसला आणि कसा बसला. खेळणाऱ्याचा हात खांद्यापासून फिरला की नुसते मनगट हलले, तो उभा आहे की गादीवर लोळत आहे, ह्यांपैकी काहीच त्यास दिसत नाही. २००९ साली कंपनीने रिमोटास जोडण्याचा एक नवा भाग काढिला, त्यास हाताचे वळणे अधिक चांगले कळत असे. परंतु ह्या टेनिसला तो लागू नव्हता. यामुळे असे झाले की, उभे राहून सर्व अंगाने मारलेला टोला आणि बसल्या जागी मनगटाने दिलेला झटका ह्या दोहोंचे मोल यंत्राच्या दरबारी एकच ठरले. थोडे दिवस खेळणाऱ्या बहुतेकांस ही युक्ती आपोआप सापडते.

कच्चा लिंबू कोण?

मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका लहान प्रश्नाचा निकाल लाविला पाहिजे. समजा, एका घरात आजी आहे, बाप आहे, कॉलेजात शिकणारा मुलगा आहे व आठ वर्षांची मुलगी आहे. खऱ्या मैदानावर त्यांचा सामना लाविला तर निकाल आधीच ठरलेला आहे. तरुण मुलगा शंभरांतून शंभर वेळा जिंकेल. पडद्यावरच्या खेळात मात्र आजीही कधी कधी जिंकते. तिचा तो जय खरा म्हणावा काय? की यंत्राने तिच्यावर केलेली ती मेहेरबानी म्हणावी?

आपल्याकडील मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' म्हणून एक रीत आहे. लहान भावंड खेळात येण्यासाठी हट्ट धरून बसले म्हणजे मोठी मुले त्यास घेतात. परंतु ते पकडले गेले तरी बाद होत नाही, व त्याने कोणास पकडिले तरी ते फारसे धरीत नाहीत. ही रीत मायेची आहे. पण तिच्यात एक काटाही आहे, आणि तो मुलास लवकरच टोचू लागतो. थोडे मोठे झाले की तेच मूल रडून म्हणते, मला पक्का घ्या. आपणास सांभाळून घेतले जात आहे, आपण जमेस धरलेले नाही, हे त्यास कळलेले असते. सवलतीत माया असते, परंतु मान नसतो.

ह्या टेनिसात झाले आहे ते असे की, धावण्याची सवलत एकाच कोणास दिलेली नाही, सर्वांस दिलेली आहे. आजीच्या वतीने यंत्र धावते, तसेच ते तरुण नातवाच्या वतीनेही धावते. जेथे सर्वच कच्चे तेथे कच्चा कोणीच राहिला नाही. म्हणून ह्या खेळात दुबळ्यास जागा मिळते, आणि ती मान खाली न घालता मिळते. घरातील वृद्ध मनुष्य बहुधा कोपऱ्यात बसून दुसऱ्यांची मजा पाहत असतो. त्यास मधे आणून बसविणारी कोणतीही रीत आम्ही चांगलीच म्हणू. अशा यंत्राचे स्वागत पाश्चात्य देशांतील पुष्कळ वृद्धाश्रमांतून झाले, ह्यात आश्चर्य नाही.

तर मग आजीचा जय खरा काय? आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीची स्पर्धा होती त्या गोष्टीपुरता तो पूर्ण खरा आहे. स्पर्धा पायांची नव्हती. नजरेची, धीराची व वेळ साधण्याची होती. तीत ती जिंकली. तिने जर उद्या सांगितले की, मी टेनिसपटू झाले, तर ते खोटे होईल. आजच्या खेळात मी नातवास हरविले, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. बोलणे वस्तूपेक्षा मोठे झाले की असत्य आरंभते. वस्तूएवढेच राहिले तोवर ते सत्य असते. हाच नियम आईबापांसही लागू आहे. इंग्लंडातील लिव्हरपूल येथील संशोधकांनी तेरा ते पंधरा वर्षांच्या काही मुलांवर प्रयोग करून २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या पत्रात असे प्रसिद्ध केले की, बसून खेळावयाच्या व्हिडिओ गेमपेक्षा ह्या खेळात शरीराची शक्ती बरीच अधिक खर्च होते. परंतु तोच खेळ मैदानावर खेळला असता जितकी होते तितकी ती होत नाही, आणि मुलांस रोज जो व्यायाम पाहिजे त्याची भरपाई तिने होत नाही. तेव्हा हा खेळ खेळून मुलांचा व्यायाम झाला असे जे आईबाप म्हणतात, तेही वस्तूपेक्षा मोठे बोलतात.

मनगटाचा झटका

आता मुख्य प्रश्न. तो तरुण मुलगा युक्ती शिकला आहे. तो गादीवर आडवा पडतो, एका हाताने फोन पाहतो, आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाने झटके देऊन आपल्या आठ वर्षांच्या बहिणीस हरवितो. ती बिचारी उभी राहून, पाय रोवून, सर्व अंगाने हात फिरवीत आहे. घामाघूम झाली आहे. गुण त्याचेच होतात. त्याने कोणता अपराध केला?

पहिला पक्ष म्हणेल, काहीच नाही. नियम यंत्राने केलेले आहेत, यंत्राने गुण दिले, संपले. तागडीने जे वजन दाखविले ते खरे. दुसरा पक्ष म्हणेल, त्याने लबाडी केली. खेळ टेनिसचा आहे, आणि टेनिस कोणी आडवे पडून खेळत नाही. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

पहिल्या पक्षाचे अपुरेपण तागडीवरूनच दाखविता येईल. तागडीस वजन कळते. दाणे पाणी मारून जड केले आहेत की नाहीत हे तिला कळत नाही. हजेरीच्या पुस्तकास मुलगा वर्गात होता हे कळते. त्याचे चित्त तेथे होते की नव्हते हे कळत नाही. रोजंदारीच्या हिशेबात दिवस भरलेला दिसतो. कुदळ किती खोल गेली हे दिसत नाही. मोजण्याचे प्रत्येक साधन एक काही तरी मोजिते आणि बाकीचे सोडून देते. जे सोडून दिले ते नव्हतेच असे समजणे, ही जगातील फार मोठ्या लबाडीची सुरुवात आहे. रिमोटातला तो सूक्ष्म भार हिसका मोजितो. त्याने न मोजिलेले असे पुष्कळ काही त्या खोलीत घडत असते.

परंतु दुसऱ्या पक्षास आम्ही असे विचारू की, भिजविलेले दाणे विकणाऱ्याने घेणाऱ्याचे पैसे खाल्ले. ह्या मुलाने कोणाचे काय खाल्ले? शिवाय आजीचे उदाहरण घ्या. तिचा हात संधिवाताने आखडलेला आहे. ती खुर्चीवर बसून मनगटच हलविते. तीही लबाड काय? कोणीही असे म्हणणार नाही. तिच्याजवळ जेवढे आहे तेवढे सर्व ती खेळात घालीत आहे. तिचे मनगट हाच तिचा पुरता हात होय. तेव्हा एकच क्रिया, एकच झटका, एकाच खोलीत, एकीच्या ठिकाणी निर्दोष आणि दुसऱ्याच्या ठिकाणी मनास खटकणारा असा आहे. तात्पर्य, दोष झटक्यात नाही. मग तो कोठे आहे?

खेळ म्हणजे काय ह्याविषयी कॅनडातील एक तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, खेळात मनुष्य सोपा मार्ग असूनही तो सोडितो, व कठीण मार्ग आपखुशीने पत्करितो. गोल्फाचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकिता येतो. परंतु तसे केले तर चेंडू खळग्यात जातो आणि खेळ नाहीसा होतो. लंगडी खेळताना दोन्ही पायांनी धावून गडी पकडणे किती सोपे आहे! पण दुसरा पाय टेकिला की लंगडी राहत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे आमच्या प्रश्नावर उजेड पडतो. लंगडीत दुसरा पाय टेकिला की सर्व मुले ओरडतात. ह्या टेनिसात सोपा मार्ग धरिला तर यंत्र ओरडत नाही. कठीण मार्ग पत्करण्याचा करार यंत्रात लिहिलेला नाही. तो खोलीत बसलेल्या माणसांनी एकमेकांशी, बहुधा एक शब्दही न बोलता, केलेला आहे. गुण मोजण्याचे काम यंत्राचे. खेळ राखण्याचे काम माणसांचे.

ह्या दृष्टीने पाहता आजीने करार मोडिला नाही, कारण तिला जमेल तितके ती करीत आहे हे सर्वांस ठाऊक आहे व मान्य आहे. मुलाने तो मोडिला. त्याने बहिणीचे पैसे खाल्ले नाहीत हे खरे, परंतु तिचा सोबती तिच्यापासून काढून घेतला. ती कोणाबरोबर तरी खेळत आहे असे समजून हात फिरवीत होती. वास्तविक तेथे कोणी खेळत नव्हते. योहान हुइझिंगा ह्या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळाविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक भेद दाखविला आहे. त्याच्या मते लबाडी करणारा गडी निदान खेळ चालू आहे असा बहाणा तरी करितो. पण खेळाची पर्वाच न करणारा गडी खेळाचे जगच मोडून टाकितो, आणि म्हणून इतर गडी लबाडापेक्षाही त्याच्यावर अधिक रागावतात. गादीवर पडून जिंकणारा मुलगा ह्या दुसऱ्या वर्गात पडतो. त्याने एकही नियम मोडिला नाही; त्याने खेळच मोडिला.

ह्याहून मोठे नुकसान पुढे आहे. त्या मुलीच्या मनात काय चालले असेल ह्याचा विचार करा. ती पाहते की, मी इतकी धडपडते आणि हरते. दादा लोळतो आणि जिंकतो. थोड्या वेळाने तीही खाली बसते आणि मनगट हलवू लागते. तिला आता गुण मिळू लागतात. परंतु एक गोष्ट ती शिकून चुकली, की पुरता हात फिरविणारा मूर्ख असतो. ही गोष्ट तिला कोणी शब्दांनी शिकविली नाही. शिकविली असती तर घरातील एखाद्या वडील माणसाने मधे पडून ती खोडून तरी काढिली असती. डोळ्यांनी शिकलेला धडा असा सहज खोडता येत नाही. उद्या ती शाळेत जाईल, परवा नोकरीस लागेल, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यापुढे कोणते तरी मोजमाप असेल, ज्यास फक्त हिसका कळतो.

आक्षेप व उत्तरे

कोणी म्हणेल, जेथे चेंडूच खोटा, जाळे खोटे, मैदान खोटे, तेथे खऱ्याखोट्याची इतकी चिकित्सा कशास? ह्यास उत्तर असे की, चेंडू खोटा असला तरी त्यामुळे घडणाऱ्या गोष्टी खऱ्या असतात. हे यंत्र निघाले त्याच वर्षी कित्येक घरांत जोरात फिरविलेला रिमोट हातातून सुटला व सामानावर आदळला. रिमोटास मनगटाशी बांधण्याची जी दोरी होती ती कच्ची पडली. तेव्हा २००६ सालच्या डिसेंबरात कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या फुकट बदलून जाड दोऱ्या देण्याचे जाहीर केले. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या नामांकित वैद्यकीय पत्रात एका २९ वर्षांच्या निरोगी शिकाऊ डॉक्टराची हकीकत छापून आली. त्याने हे टेनिस कित्येक तास खेळून आपला उजवा खांदा दुखवून घेतला होता. पडद्यावरच्या चेंडूने खऱ्या वस्तू फोडिल्या आणि खरे खांदे दुखविले. मग त्याच्या योगाने उत्पन्न होणारा हेवा, राग, धीर व प्रीती ही खरी नसतील असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप असा येईल की, दोघांनीही आनंदाने बसून मनगटेच हलविली तर त्यात पाप काय? काही नाही. सर्वांस युक्ती ठाऊक असेल व सर्वांची संमती असेल, तर तो निराळा खेळ झाला, आणि करारही निराळा झाला. आमची कसोटी साधी आहे. जी युक्ती तुम्ही सापडताच शेजारच्या गड्यास हसत सांगून टाकिता ती युक्ती निर्दोष; जी लपवून ठेवावीशी वाटते तिच्याविषयी आपल्या मनाने आधीच निकाल दिलेला असतो. तथापि अनुभव असा आहे की, मनगटाचा खेळ लवकर कंटाळवाणा होतो. गुणांची भूक गुणांनी भागत नाही. ज्याने अंगाने खेळ खेळला तो हरूनही थोडे काही घेऊन उठतो.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, तो थोर मुलगा जर पुरत्या हाताने खेळून लहान बहिणीस हरवीत राहिला तर ते तरी मायेचे काय? त्याने मुद्दाम हरू नये काय? प्रेमाने हरणे ही गोष्ट आम्ही हलकी मानीत नाही. कित्येक आईबापांनी ती केली आहे. परंतु गुपचूप हरण्यात एक धोका आहे. मूल ज्या दिवशी ते ओळखते त्या दिवशी त्याच्या पूर्वीच्या सर्व जयांवर पाणी पडते, आणि आपल्या माणसाच्या शब्दावरचा विश्वासही थोडा उणा होतो. त्यापेक्षा उघड सवलत बरी. मी डाव्या हाताने खेळतो, किंवा तुला दोन गुण आधी दिले, असे तोंडावर सांगावे, आणि मग मनापासून खेळावे. अशा खेळात ती जिंकली तर तिचा जय तिचा असतो. सवलत लपविली म्हणजे ती फसवणूक होते. उघड केली म्हणजे ती नियम होते. दुबळ्यास सांभाळून घेणे आणि त्याच्याशी खरे बोलणे ही दोन्ही एकाच वेळी करिता येतात, हा धडा खेळाइतका दुसरीकडे कोठे सोपा करून शिकविता येत नसेल.

उपसंहार

वाचकहो, आमच्या खेड्यापाड्यांतील बहुतेक घरांत हे यंत्र नसेल. ते विकत आणावे असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. विटीदांडू, लंगडी आणि आट्यापाट्या ह्यांत जे शिकावयाचे ते सर्व शिकता येते, आणि तेही मोकळ्या हवेत. परंतु ह्या यंत्राने एक जुनी गोष्ट मोठ्या स्पष्टपणे दाखवून दिली, म्हणून तिचा येथे विचार केला. विटीदांडूत लबाडी करणाऱ्यास दहा डोळे पाहत असतात. येथे न्याय देणारे यंत्र आंधळे आहे, आणि पुरता हात फिरवावयाचा की नाही हे सर्वस्वी खेळणाऱ्यावर सोपविलेले आहे. मनुष्याच्या आयुष्यातील फार मोठा भाग अशाच प्रकारचा असतो. गुरुजी शाळेत एकटेच असतात. तपासणीचा साहेब वर्षातून एकदा येतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्री कोण किती वेळ जागले ह्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. विहीर खणणाऱ्याने शेवटची हातभर खोली पुरी केली की नाही हे वैशाखातच कळते, आणि तोवर त्याची मजुरी वाटून झालेली असते.

अशा ठिकाणी पुरते काम करणाऱ्यास जग भोळा म्हणते. आमच्या मते तो भोळा नव्हे. त्याने मोजमाप आणि मोजावयाची वस्तू ह्यांतील फरक ओळखिला आहे, आणि तो वस्तूच्या बाजूस उभा राहिला आहे. गुण एकट्याचे होतात, खेळ मात्र सर्वांचा असतो. आणि जो आपले सर्व बळ खेळात घालितो, मग ते बळ खांद्याचे असो की नुसत्या मनगटाचे, तो आपल्या सोबत्यांचा खेळ राखितो.

ज्यांच्या हाती मुले सोपविलेली आहेत, मग ते आईबाप असोत, शिक्षक असोत की प्रचारक असोत, त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, मुले खेळत असता मधेच त्यांस उपदेश करीत बसू नये. तसे केल्याने खेळही जातो व उपदेशही वाया जातो. त्यापेक्षा त्यांच्यात जाऊन खेळावे. हरलो तर हसावे, जिंकलो तर फुगू नये, सवलत द्यावयाची ती उघड द्यावी, आणि कोणी मोजीत नसले तरी हात पुरता फिरवावा. ते सर्व मुले पाहत असतात.